शब्दभरण

माणूस पुस्तक परत कसं करतो, यावरून मी त्याची लायकी ओळखते. बोईसर स्टेशनाबाहेर माझी टपरी होती, चित्रकथा भाड्याने देण्याची. दोरी बांधून तिला कपड्यांच्या चिमट्यांनी पुस्तकं टांगायचे आणि संध्याकाळी परत आली की एकेक पान चाळायचे. वाचणारा जिथे थांबतो तिथे त्याच्या अंगठ्याचा डाग राहतो, ग्रीसचा नाहीतर वड्याच्या चटणीचा. मारामारीची पानं तर काळीकुट्ट होऊन यायची. पण लेखकमहाशयांनी जिथे अर्ध्या पानभर मजकूर ओतला असेल, ते पान कोरं करकरीत परत यायचं, जसं छापखान्यातून आलं तसं.

हे मी बळवंत चुरीला कितीदा तरी सांगितलं. तो म्हणायचा, "वहिनी, रसिकतेला डाग पडत नसतात."

असली वाक्यं हा माणूस दिवसभर बोलायचा. सफाळ्याहून रोज यायचा, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत टाइमकीपर होता. म्हणजे गेटवर बसून कामगार आत कधी गेले आणि बाहेर कधी आले ते लिहायचं. या लिहिण्यावर त्याने स्वतःला साहित्यिक ठरवलं होतं. खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. लाल कशाला, तर दुसऱ्यांच्या चुका काढायला. माझ्या टपरीवरच्या चित्रकथांमधल्या शुद्धलेखनाच्या चुका हा लाल पेनाने सुधारून परत करायचा, आणि वर भाडं कमी कर म्हणायचा.

त्याच्या उलट चिंतू दुमाडा. हा मासवणच्या पलीकडच्या पाड्यावरचा वारली, कुंभवलीच्या बाजूला रंगाच्या कारखान्यात पिंपं धुवायचा. रंगाची भुकटी त्याच्या हातांत इतकी मुरली होती की कोपरापर्यंत कातडी पिवळी. आम्ही चेष्टेने म्हणायचो, चिंत्याचे हात कारखान्यानेच पिवळे केले, आता नवरी शोधायची तेवढी राहिली. पुढे पुढे चेष्टा बंद झाली. बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या, त्यातून पाणी यायला लागलं. बोईसरच्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं, हे काम सोड, नाहीतर बोटं वाकायची बंद होतील. सोडून काय करू, हे काही डॉक्टरने सांगितलं नाही.

त्याच बोटांनी चिंत्या चित्रं काढायचा. खोक्यांच्या पुठ्ठ्यावर, सिमेंटच्या पिशव्यांच्या कागदावर, कोळशाने नाहीतर कारखान्यातल्या मार्किंगच्या शाईने. शिकला कुठे, तर माझ्या टपरीवर. एक पुस्तक घ्यायचा आणि बाकावर तासभर एकाच पानाकडे बघत बसायचा. चौथी पास होता, वाचता येत होतं. पण वाचण्यात त्याला कमीपणा वाटायचा. म्हणायचा, "वाचायला कशाला पायजे? दिसतं ना सगळं. ज्याला दिसत नाय त्यानी वाचावं."

नम्रता नावाचा रोग चिंत्याला कधी झाला नव्हता. एकदा त्याने होडीचं चित्र आणून दाखवलं. मी नवापूरच्या मांगेल्यांची पोर, बापाच्या होडीत वाढलेली. बघितलं तर शिडात वारा दक्षिणेचा आणि डोलकाठीवरचं निशाण फडकतंय दक्षिणेकडे. मी म्हटलं, "मेल्या, तुझ्या दर्यात वारे किती?" तर चित्र माझ्या हातातून ओढून घेतलं आणि म्हणाला, "तुमच्या दर्यात येकच वारा असेल. माझ्या दर्यात मी सांगीन तसा येईल." पंधरवडा माझ्याशी बोलला नाही. आणि होडी तशीच ठेवली.

रविवारी दुपारी हे दोघे टपरीसमोर भांडायचे. विषय एकच: चित्रकथेत मोठं कोण, मजकूर की चित्र? सोबतीला सरावलीच्या चाळीतला शिवाजी, घाटावरचा. मोठ्या मनाचा माणूस. जो शेवटी बोलेल त्याचं त्याला पटायचं. आजूबाजूला आणखी चारपाच रिकामटेकडे, त्यातले अर्धे फुकट वाचायला आलेले.

बळवंत म्हणायचा, "चित्र बाळबोध आहे. मनाची घालमेल चित्रात दाखवता येते का? 'त्याच्या अंतःकरणात विचारांचे काहूर माजले', काढ बघू हे!"

चिंत्या म्हणायचा, "काहूर म्हंजे काय?"

"काहूर म्हणजे... काहूर!"

"तुमालाच म्हाईत नाय, मंग मी काय काढू?"

शिवाजी मान डोलवायचा, "बराबर हाय." मग बळवंत बोलायचा आणि शिवाजी परत म्हणायचा, "ह्ये बी बराबर हाय."

मला दोघांचाही कंटाळा यायचा. बळवंतचा मजकूर म्हणजे पाणी घालून वाढवलेलं कालवण. आणि चिंत्याची बिनशब्दांची पानं? सगळे पुरुष एकाच नाकाचे, कोण नायक आणि कोण चोर कळायची सोय नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "बघा नीट." पण एक खरं होतं आणि ते मी तोंडावर कबूल करत नव्हते. चिंत्याचं पान हातात आलं की मी पुढचं मागायचे. बळवंतचं वाचताना गिऱ्हाईक आलं तर मला बरं वाटायचं.

शहाऐंशी सालच्या दिवाळीनंतर बळवंत एक बातमी घेऊन आला. मुंबईच्या एका चित्रकथा-मासिकाचे संपादक करंबेळकर त्याच्या मावसभावाचे साडू निघाले. त्यांना ऑफिसात बसून काम करणारा एक माणूस हवा होता, कायमचा. "मी त्यांना म्हटलं, आधी आमचं काम बघा. आपण आपली स्वतःची चित्रकथा छापायची. प्रकाशनाला ते स्वतः येतील. पुस्तक बघून जागेवर ठरवतील."

चिंत्या बाकावरून उठून उभा राहिला. "ऑफिसात? बसून?"

"बसून."

"हात धुवून निंगायचं काम?"

बळवंत हसला. त्याच्या डोक्यात ती जागा त्याची स्वतःची होती. चिंत्याच्या डोक्यात ती चिंत्याची. दोघांनी एकमेकांना हे सांगितलं नाही, आणि मी मध्ये पडले नाही. पण त्या दिवशी चिंत्याने आपले पिवळे हात मांडीवर पालथे ठेवून त्यांच्याकडे बघितलं, ते मी बघितलं. मला त्याची कधी दया आली नव्हती, दया यावी असा तो माणूसच नव्हता. त्या दिवशी आली, आणि आली म्हणून मी त्याच्यावरच खेकसले, की पुस्तक घ्यायचं असेल तर घे, नाहीतर बाक अडवू नकोस.

पुस्तकाचं नाव बळवंतने ठेवलं, 'काळ्या खाडीचा कर्दनकाळ'. गोष्ट दोघांनी भांडून भांडून जुळवली. खाडीत रसायन सोडणाऱ्या एका शेठला धडा शिकवायला गाळातून एक माणूस उठतो, एवढंच. चिंत्याने महिनाभर पाळी करून उरलेल्या वेळात पानं काढली. बोटांना चिंधी बांधून, चिंधीत कुंचला अडकवून. त्या पानांत मला पहिल्यांदाच खोड काढायला जागा सापडली नाही. गाळातून उठणारा तो माणूस खरोखर उठत होता. पहिल्या चौकटीत बुडबुडे, दुसरीत नुसता हात, आणि तिसरीत अख्खा माणूस, बघवत नव्हतं इतका मोठा.

मग पानं बळवंतकडे गेली, मजकूर भरायला. परत आली तेव्हा चिंत्या रडायचा बाकी होता. जिथे मोकळी जागा दिसेल तिथे बळवंतने चौकोन आखून शब्द कोंबले होते. आभाळात शब्द, पाण्यावर शब्द, शेठच्या पोटावरसुद्धा शब्द. नायक हातात सुरी घेऊन होडीतून उडी मारतोय, चित्र लखलखीत. आणि वर लिहिलंय: 'त्याने होडीतून उडी मारली. त्याच्या हातात सुरी होती.'

"दिसतंय की हो!" मी म्हणाले.

"वहिनी, दिसणं आणि उमगणं यांत फरक आहे."

"आणि हे काय? 'निबिड अंधकाराने आच्छादित अशा त्या खाडीच्या विस्तीर्ण उदरात काळाचीही छाती दडपून जावी असे काहीतरी स्पंदत होते'. बुडबुड्यांवरच लिहिलंत? बुडबुडे कुठे गेले?"

"बुडबुडे वाक्यात आले."

चिंत्या त्याच्या अंगावर धावून गेला. शिवाजीने दोघांना धरलं आणि दोघांनाही बरोबर ठरवलं. शेवटी काय, शाई वाळली होती. तीच पानं छापायची ठरली.

छापखाना पालघरला होता. बळवंतची गेटवरची ड्यूटी सुटत नव्हती. मला पालघरला रद्दीवाल्याकडे जुनी पुस्तकं बघायला जायचंच होतं, म्हणून पानं घेऊन मी आणि चिंत्या गेलो. बळवंतने सोबत एक प्रस्तावना दिली होती. 'शब्द हेच ब्रह्म' इथून सुरुवात. शेवटी सही होती, नुसती '— लेखक'. नाव नाही. थोर माणसं असंच करतात, असं त्याने कुठेतरी बघितलं होतं. त्या थोरपणाच्या नादात नावाची चिठ्ठी द्यायलाच तो विसरला.

छापखानेवाला सोलापूरकडचा, नाकावर चष्मा, घाईत. पानांचे ब्लॉक, म्हणजे छापायचे जस्ताचे ठसे, तो मुंबईहून करून आणणार होता. फक्त मुखपृष्ठावरचा आणि प्रस्तावनेचा मजकूर शिशाच्या खिळ्यांनी जुळवायचा होता. त्याने पानं उलटली, प्रस्तावना वाचली आणि विचारलं, "लेखक कोण? नाव काय टाकू?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याने पानांवर बोट ठेवून चिंत्याला विचारलं, "हे कोणी लिहिलंय?"

"मी लिवलंय," चिंत्या म्हणाला.

"सगळं?"

"पयल्यापासून शेवटापर्यंत. महिना गेला लिवायला. हात बघा."

मला कळलं काय होतंय ते. वारल्यांच्या घरी लग्न असलं की सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. आपण म्हणतो 'काढतात'. ते तसं म्हणत नाहीत. त्यांच्यात चौक लिवतात. चौक लिवल्याशिवाय लग्न लागत नाही. काढायचं ते विहिरीतलं पाणी आणि पायातला काटा, चित्र लिवायचं. चिंत्या खोटं एक अक्षर बोलत नव्हता.

छापखानेवाल्याला हे कुठून ठाऊक? त्याने विचारलं, "मग हे बळवंत चुरी कोण? ब्लॉकच्या खर्चाच्या कागदावर नाव आहे."

"ते मागनं शब्द भरायला होते."

"म्हणजे शब्दभरण. बरं." त्याने कागदावर उतरवून घेतलं, माझ्याकडे बघितलं. "बरोबर ना, बाई?"

मी सांगू शकत होते. दोन वाक्यांचं काम होतं. मला बुडबुडे आठवले, शेठच्या पोटावरचे शब्द आठवले, माझ्या पुस्तकांवरचं ते लाल पेन आठवलं. म्हटलं, "अगदी बरोबर." आणि आजही विचाराल तर माझं उत्तर तेच आहे. लिहिलं होतं चिंत्यानेच. त्याच्या भाषेत आणि माझ्या मतेसुद्धा.

प्रकाशन बोईसरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये ठेवलं, रविवारी दुपारी. छापखान्यातून गठ्ठा थेट हॉलवर आला, दोरीने बांधलेला, बळवंतने त्यावर झेंडूचा हार घातला. करंबेळकर आले. बारीक, टक्कल पडलेले, चेहऱ्यावर आंबट भाव. बळवंतने त्यांना बटाटेवडे खाऊ घातले आणि स्वतःच्या लिखाणाची वही ऐकवली. ते वडे खात राहिले. चिंत्या न्हाऊन, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला होता. शर्टाच्या बाह्यांतून ते दोन पिवळे हात बाहेर. त्याने ते काखेत धरले होते.

गठ्ठा सोडण्याआधी वादविवाद ठेवला होता, पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून. विषय तोच जुना. बळवंत पहिला बोलला आणि सुटलाच. चित्र म्हणजे ताटातलं लोणचं, म्हणाला, लोणच्याने पोट भरत नाही. चित्र माकडालाही कळतं, म्हणाला. मग आवाज चढवून त्याने विचारलं, "बंधू-भगिनींनो, पुस्तक कोणाचं असतं? ज्याने कागद बनवला त्याचं? ज्याने रंगवला त्याचं? नाही! पुस्तक लिहिणाऱ्याचं असतं! ज्याने लिहिलं, तोच त्याचा धनी! मान्य आहे?"

"मान्य हाय!" शिवाजी ओरडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. करंबेळकरांनीही मान हलवली.

चिंत्या उठला आणि एवढंच बोलला, "उडी मारलेली ज्याला दिसत नाय त्यानी डोळे तपासून घ्यावे." आणि खाली बसला. लोक खो खो हसले. मग करंबेळकरांनी हार बाजूला केला, दोरी सोडली आणि वरचं पुस्तक हातात घेतलं.

मुखपृष्ठावर ठसठशीत अक्षरं. लेखक : चिंतू दुमाडा. खाली बारीक टायपात, शब्दभरण : बळवंत चुरी.

बळवंतच्या चेहऱ्याचं वर्णन करायला मला त्याचंच एखादं वाक्य लागेल. तोंड उघडं, हातातली वही खाली. इतका वेळ शब्दांच्या नावाने आरती ओवाळणाऱ्याला एक शब्द सुचेना. मी तोंडाला पदर लावला. इतकं सुख मला माझ्या लग्नातही झालं नव्हतं.

करंबेळकर उभ्याउभ्या पुस्तक वाचत होते. वाचत कसले, पानं उलटत होते, भराभर. शेवटचं पान झाल्यावर परत पहिल्यावर आले. आंबट भाव जरा गेला. "गोष्ट पळते," ते म्हणाले. "थांबवत नाही कुठे. आमच्याकडे लिहिणाऱ्यांना हेच जमत नाही. दुमाडा कोण?"

चिंत्या उठला. हात अजून काखेत.

"दुमाडा, आमच्या ऑफिसात लेखनाची जागा आहे. दादरला. पगार फार नाही, पण नियमित आहे. याल?"

 चिंत्याने नुसतं माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनीच दटावलं, हो म्हण मेल्या.

"मुद्रणदोष!" बळवंतला एकदम कंठ फुटला. "साहेब, हा मुद्रणदोष आहे! लेखक मी आहे! हा फक्त चित्रं काढणारा!"

करंबेळकरांनी भुवया चढवल्या. चिंत्याला विचारलं, "तुम्ही लिहिलंय ना हे?"

"हो. मी लिवलंय."

"ऐकलंत?" ते बळवंतला म्हणाले.

मी मनात देवीला नारळ बोलले. झालं होतं. चिंत्या सुटला होता. आणि खोटं कुठे बोलला होता?

पण बळवंत आयुष्यभर गेटवर बसून लोकांच्या लबाड्या पकडत आलेला. त्याने पुस्तक ओढून घेतलं, गाळाचं पान उघडलं आणि चिंत्याच्या नाकासमोर धरलं. बोटाने ओळ दाखवत, भाषणाच्या आवाजात वाचली. "'निबिड अंधकाराने आच्छादित अशा त्या खाडीच्या विस्तीर्ण उदरात काळाचीही छाती दडपून जावी असे काहीतरी स्पंदत होते.' सांग आता सगळ्यांसमोर. हे वाक्य तू लिहिलंस?"

सगळा हॉल चिंत्याकडे बघत होता. करंबेळकरसुद्धा. एक 'हो' पुरे होता. दादरला गेल्यावर पुढचं पुढे. वाक्यं काय, मी पाडून दिली असती टपरीवर बसून, बळवंतपेक्षा वाईट नसती झाली. मी मान हलवत होते, हो, हो, हो. शिवाजीसुद्धा, ज्याला कधी काही कळलं नाही, मान हलवत होता.

चिंत्याने ती ओळ वाचली. मला वाटतं, पहिल्यांदाच पूर्ण वाचली. ओठ हलत होते. वाचता वाचता त्याचं नाक मुरडलं, सडलेल्या बोंबलावर पाय पडल्यासारखं. त्याने काखेतले हात बाहेर काढले आणि पुस्तक बळवंतच्या हातासकट लांब सारलं.

"ही घाण?" तो म्हणाला. "ही घाण मी लिवीन? इथं बुडबुडे होते! तुमी त्यावर ही घाण केली ती केली, वरून माझ्या नावावर घालता? मी नाय लिवलं. तुमचं तुमी ठेवा!"

हॉल हसून हसून लोळायचा बाकी राहिला. बळवंतला हसत होते, चिंत्याला हसत होते, कोणाला हसतायत हे त्यांनाही माहीत नव्हतं. बळवंतची मान लाजेने खाली जायला हवी होती. नाही गेली. तो करंबेळकरांकडे वळून म्हणाला, "कबूल केलं, साहेब. तुमच्यासमोर."

मग माझ्याने राहवेना. मी उठून पुढे गेले. "साहेब, त्याच्या बोलीत चित्रं लिवतात. तो लेखकच आहे. ही गोष्ट पळतेय ती त्याच्या चित्रांनी पळतेय. तुम्ही मजकूर वाचलाच नाही, मी बघत होते तुमच्याकडे. तुम्ही नुसती पानं उलटलीत."

करंबेळकर हसले. सभ्य माणूस. "बाई, बोलीतला तो शब्द सुंदर आहे, मी लक्षात ठेवीन. पण चित्रकार आमच्याकडे आहेत, शिवाय दर आठवड्याला नवीन येतात. माझी जागा मजकुराची आहे." मग बळवंतकडे वळून म्हणाले, "चुरी, वाक्यं अर्धी करावी लागतील."

"चौथाई करतो, साहेब," बळवंत म्हणाला. शब्द हेच ब्रह्म म्हणणारा हाच माणूस. ब्रह्माचा भाव एवढा पटकन उतरलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

पुढल्या महिन्यात बळवंत दादरला रुजू झाला. जाण्याआधी हॉलवरच्या सगळ्या पुस्तकांवर त्याने आपल्या नावाच्या छापील पट्ट्या डकवून घेतल्या. माझ्या टपरीवर ठेवायला दिलेल्या प्रतींसाठीही पट्ट्या पाठवल्या, शिवाजीच्या हाती. त्या पट्ट्यांनी मी टपरीच्या फळीला पडलेली फट बुजवली. कोणाला बघायचं असेल तर दाखवीन.

पण हे नंतरचं. त्या दुपारी हॉल रिकामा झाल्यावर चिंत्या शाळेच्या पायरीवर बसला होता. इस्त्रीच्या शर्टाला पाठीवर घामाचा नकाशा उमटला होता. मी त्याला भरपूर शिव्या द्यायच्या ठरवून बाहेर आले होते. गाढवा, एक शब्द. हयातभर शब्दांना नावं ठेवलीस, एकदाच एक वापरायचा होता. पण त्याने मान वर केली, आणि त्याच्या डोळ्यांत पश्चात्ताप नव्हता. राग होता, अजून, त्या बुडबुड्यांसाठी.

"जमनाबाय, खरं सांगा," तो म्हणाला. "वाक्य घाण होतं ना?"

"घाणच होतं."

"मंग? मी माझं म्हनू?"

  तो बरोबर होता, आणि त्याच्या बरोबर असण्याचा मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले.

"उद्या पाळी कुठली?" मी विचारलं.

"पयली," तो म्हणाला, आणि पिवळ्या हातांनी शर्टाच्या बाह्या वर दुमडायला लागला. मनगटावरचं बटण त्याच्या बोटांत धरलं जाईना. मी काढून दिलं.